गाडी गेली, नाव राहिलं! चीनच्या कार बाजारातून तुमच्या पाटीसाठी सहा धडे



व्हिडिओमध्ये आपण ब्रँड म्हणजे काय यावर बोललो. वेळ कमी पडला, म्हणून त्यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट इथे सविस्तर लिहितो. ही गोष्ट आहे चीनच्या कार बाजाराची. तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही मसाले विकतो, टेलरिंग करतो, केक बनवतो. आम्हाला चीनच्या गाड्यांशी काय करायचंय?" जरा थांबा. नाव आणि वस्तू या दोन वेगळ्या मालमत्ता असतात. ही गोष्ट पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या उदाहरणांतून जास्त चांगली समजते.

चीनच्या रस्त्यांवर गेली चाळीस वर्षं एक गंमत चालू आहे. युरोप-अमेरिकेत जी नावं बंद झाली, विसरली गेली किंवा दिवाळखोरीत गेली, ती तिथे जोमात जगली. काही नावं तर मूळ देशापेक्षा तिथेच मोठी झाली. आणि काही नावं तिथे जाऊनही वाचली नाहीत. का? चला, एकेक उदाहरण बघू.

१. सान्ताना: जुनी गाडी, पण गल्लोगल्ली मेकॅनिक

फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची सान्ताना ही चौकोनी, साधी सेडान. १९८३ मध्ये शांघायमध्ये सुटे भाग आणून पहिली सान्ताना जोडली गेली आणि १९८४ मध्ये फोक्सवॅगनने शांघायच्या सरकारी कंपनीबरोबर भागीदारीचा करार केला. जर्मनीत सान्ताना हे नाव काही वर्षांतच बंद झालं, गाडी पसाट नावाखाली गेली. चीनमध्ये मात्र हीच जुनी सान्ताना थोडेफार बदल करत २०१२ पर्यंत बनत राहिली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं! ३० लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या.

एवढी जुनी गाडी लोक का घेत होते? दिसायला सुंदर म्हणून नक्कीच नाही. सुरुवातीला टायर, रेडिओ, अँटेना अशा मोजक्याच वस्तू चीनमध्ये बनत होत्या, बाकी सगळं जर्मनीहून यायचं. मग शांघायच्या आसपास पुरवठादार तयार करण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं आणि १९९० च्या दशकात बहुतेक भाग स्थानिक झाले. सुटा भाग कुठेही मिळतो, मेकॅनिक कुठेही सापडतो, टॅक्सीवाल्याचा दिवस वाया जात नाही. शांघायची टॅक्सी म्हणजे सान्ताना, असं समीकरणच झालं.

आपल्याकडे हे ओळखीचं आहे, नाही का? इटलीची फियाट ११०० तिथे कधीच बंद झाली, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून ती प्रीमियर पद्मिनी म्हणून २००० च्या सुमारापर्यंत बाहेर पडत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख तीच. कारण तेच: भाग स्वस्त आणि दुरुस्ती कुणालाही जमणारी.

आता पुढचा भाग नीट वाचा. २०१२ मध्ये जुनी सान्ताना बंद झाली आणि त्याच वर्षी पूर्णपणे नवी गाडी आली. इंजिन नवं, सांगाडा नवा. नाव? सान्ताना! जुन्या गाडीने तीस वर्षांत कमावलेला विश्वास नव्या गाडीला पहिल्या दिवशी फुकट मिळाला.

धडा: नावाला पत जाहिरातीतून कमी आणि विक्रीनंतरच्या सेवेतून जास्त मिळते. तुम्ही पिठाची गिरणी विका नाहीतर शिलाई मशीन, "बिघडलं तर कोण बघणार?" या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याचं नाव टिकतं.

२. जेट्टा: मॉडेलचं प्रमोशन होऊन ब्रँड झाला

युरोपात फोक्सवॅगनने एकाच प्रकारच्या गाडीचं नाव दर पिढीला बदललं. आधी जेट्टा, १९९२ मध्ये व्हेन्टो, १९९८ मध्ये बोरा, मग २००५ मध्ये पुन्हा जेट्टा. ग्राहकाने लक्षात तरी काय ठेवायचं?

चीनमध्ये चित्र वेगळं होतं. चांगचुन शहरात फोक्सवॅगनची दुसरी भागीदारी १९९१ मध्ये सुरू झाली आणि तिथे जेट्टा बनू लागली. ती इतकी चालली की नंतरच्या पिढीची गाडी आली तेव्हाही जुनी बंद केली नाही. नवीन आलेल्या गाडीला बोरा हे नाव दिलं, जुनी जेट्टा तशीच विकत राहिले. त्याच्याही पुढची पिढी २००६ मध्ये आली, तर तिच्यासाठी सॅजिटार असं तिसरंच नाव काढलं. युरोपात जी तीन पिढ्यांची एकच गाडी होती, ती चीनच्या शोरूममध्ये शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या तीन वेगळ्या गाड्या झाल्या. ज्याला स्वस्त हवी त्याला जेट्टा, ज्याला नवी हवी त्याला वरची. जुन्या ग्राहकाला कुणी धक्का लावला नाही.

आणि २०१९ मध्ये कमाल झाली. फोक्सवॅगनने चीनमध्ये जेट्टा नावाचा वेगळा ब्रँडच काढला. स्वतःचा लोगो, स्वतःची शोरूम, व्हीएस५ आणि व्हीए३ अशा नावांच्या स्वतःच्या गाड्या. लक्ष्य होतं आयुष्यातली पहिली गाडी घेणारा तरुण ग्राहक. का? कारण असंख्य चिनी घरांत पहिली गाडी म्हणून जेट्टाच आली होती. ही आठवण कंपनीने बरोबर हेरली आणि वापरली.

धडा: तुमच्या दहा वस्तूंमधली एखादी वस्तू लोक तिच्या नावाने मागत असतील, तर ती वस्तू नाही, उद्याचा ब्रँड आहे. "तुमच्याकडची ती शेंगदाण्याची चटणी द्या" असं गिऱ्हाईक म्हणत असेल, तर कान टवकारा.

३. ब्यूक: घरात म्हातारी, बाहेर महाराणी

ब्यूक हा अमेरिकेतला अगदी जुना ब्रँड, जनरल मोटर्सचा. अमेरिकेत त्याची प्रतिमा काय झाली होती? आजोबांची गाडी! चीनमध्ये मात्र ब्यूकची आठवण वेगळी. शेवटचा सम्राट पू-यी ब्यूक वापरायचा. क्रांतीच्या आधीच्या शांघायमध्ये ब्यूक ही बड्या लोकांची गाडी होती. म्हणून १९९७ मध्ये जनरल मोटर्सने शांघायमध्ये भागीदारी केली तेव्हा सुरुवातीला पुढे केलं ते ब्यूकचं नाव.

मग २००९ साल उजाडलं. जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. खर्च कापायचा म्हणून पॉन्टियाक बंद, सॅटर्न बंद, हमर बंद, साब विकून टाकली. अमेरिकेत ब्यूकचा खप त्या वर्षी एक लाखाच्या आसपास. कागदावर बघितलं तर कुऱ्हाड ब्यूकवरही पडायला हवी होती. पण चीनमध्ये त्याच वर्षी चार लाखांहून जास्त ब्यूक विकल्या गेल्या. ब्यूक वाचली! पुढे चीनमध्ये तिने वर्षाला दहा लाखांचा आकडाही ओलांडला.

ब्यूकची जीएल८ नावाची सात जणांची व्हॅन बघा. अमेरिकेत तिची भावंडं शाळेत मुलं सोडायची गाडी म्हणून ओळखली गेली आणि काही वर्षांत बंद झाली. चीनमध्ये त्याच जातीची गाडी कंपनीच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणायची प्रतिष्ठेची गाडी ठरली. एक पिढी जाऊन दुसरी आली, तरी जीएल८ हे नाव चालूच आहे.

धडा: तुमच्या गल्लीत जे चालत नाही ते चुकीचं असेलच असं नाही, कदाचित गल्ली चुकीची असेल. गावात ज्या घोंगडीला कुणी विचारत नाही, तिला शहरात वेगळा ग्राहक आणि वेगळी किंमत मिळू शकते. वस्तू बंद करण्याआधी बाजार बदलून बघा.

४. एमजी आणि रोव्हर: एकाला मशीन मिळालं, नाव मिळालं नाही

आता सगळ्यात महत्त्वाची केस. पैशांचा आणि कागदांचा खेळ इथे आहे.

ब्रिटनची एमजी रोव्हर ही कंपनी एप्रिल २००५ मध्ये कोसळली. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातल्या सुमारे सहा हजार कामगारांची नोकरी गेली. हे आधी लक्षात घ्या, कारण ब्रँडच्या गप्पा मारताना माणसं विसरली जातात.

शांघायच्या सैक कंपनीने त्याच्या आधीच, २००४ मध्ये, रोव्हरच्या दोन गाड्यांचे आणि इंजिनाचे डिझाइन हक्क विकत घेतले होते. कंपनी कोसळल्यावर नानजिंग ऑटोमोबाइल या दुसऱ्या चिनी कंपनीने उरलेली मालमत्ता घेतली. त्यात मशीन आली आणि एमजी हे नावही आलं. कारखान्यातली यंत्रं जहाजाने नानजिंगला गेली.

सैककडे रोव्हरची गाडी होती, पण रोव्हर हे नाव? ते कोसळलेल्या कंपनीचं नव्हतंच! ते जुनी मालक बीएमडब्ल्यूकडे होतं, कोसळलेली कंपनी ते फक्त परवानगीने वापरत होती. आणि लँड रोव्हर विकत घेताना फोर्डने बीएमडब्ल्यूकडून लिहून घेतलं होतं की रोव्हर नाव विकायचं झालं तर पहिला हक्क आमचा. सैक नाव घ्यायला गेली तेव्हा, २००६ मध्ये, फोर्डने तो हक्क वापरला. सैकने काय केलं? रोवे असं मिळतंजुळतं नवं नाव काढलं. चिनी भाषेत ते रोंगवेई, म्हणजे वैभव आणि दरारा. गाडी रोव्हरची, पाटी रोवेची.

पुढे फोर्डने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सला विकली. त्या व्यवहारात रोव्हर हे नावही आलं. म्हणजे आज त्या नावाची मालकी आपल्या टाटांच्या कंपनीकडे आहे!

आणि एमजी? सैकने नानजिंग ऑटोमोबाइलच ताब्यात घेतली. लाँगब्रिजमधली गाड्यांची जोडणी २०१६ मध्ये बंद झाली, तरी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ८० हजारांहून जास्त एमजी विकल्या गेल्या. भारतात एमजी २०१९ मध्ये हेक्टर घेऊन आली. ही हेक्टर चीनमधल्या बाओजुन ५३० या गाडीवर बेतलेली आहे. बाओजुन हे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलं असतं? एमजी मात्र "ब्रिटिश ब्रँड" म्हणून लगेच चाललं. आता त्या भारतीय कंपनीत मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचा मोठा हिस्सा आहे.

धडा: नाव कुणाच्या मालकीचं आहे हे कागदावर ठरतं. भाऊ-भाऊ वेगळे होतात, भागीदारी मोडते, दुकान मोठ्याकडे जातं, मशीन धाकट्याकडे जातात. नाव कुणाकडे? हे लिहिलेलं नसेल तर पुढची दहा वर्षं दोन्हीकडे "मूळ दुकान हेच, आमची कुठेही शाखा नाही" अशी पाटी लागते.

५. बोर्गवर्ड आणि साब: नाव होतं, तरी बुडाले

आता कुणी म्हणेल, "मग एखादं जुनं नामांकित नाव घ्यायचं आणि धंदा सुरू!" तसं नसतं हो.

बोर्गवर्ड ही जर्मनीच्या ब्रेमेन शहरातली कंपनी १९६१ मध्ये बुडाली. पन्नासहून जास्त वर्षांनी चीनच्या फोटॉन कंपनीच्या पैशावर हे नाव पुन्हा उभं केलं गेलं. २०१६ मध्ये बीएक्स७ ही गाडी चीनमध्ये आली. जाहिरात झाली, जर्मन वारसा सांगितला गेला. अडचण एकच: चीनच्या ग्राहकाने बोर्गवर्ड हे नाव आधी कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्या घरात त्या नावाची एकही आठवण नव्हती. वर किंमत जास्त आणि तेवढ्या पैशात दुसरीकडे चांगले पर्याय. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

साबची कथा वेगळी. या स्वीडिश कार कंपनीची मालमत्ता २०१२ मध्ये चिनी भांडवलाच्या एका कंपनीने घेतली. पण साब हे नाव विमानं बनवणाऱ्या वेगळ्या साब कंपनीचं होतं आणि ते अटींवर वापरायला दिलेलं. नवा मालक आर्थिक अडचणीत आल्यावर २०१४ मध्ये ती परवानगीही काढून घेतली गेली. कारखाना आहे, गाडी आहे, पण दर्शनी भागावर लावायला नाव नाही!

मोठ्यांचंही तेच. चीनमध्ये सगळ्यात जास्त खपाचा ब्रँड हा मान वर्षानुवर्षं फोक्सवॅगनकडे होता. २०२३ मध्ये तो चीनच्याच बीवायडीने घेतला, इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या जोरावर. सान्ताना आणि जेट्टाची पुण्याई बॅटरीच्या लढाईत पुरली नाही.

धडा: नाव म्हणजे बँकेतली ठेव. काढत राहिलात आणि भरलंच नाही, तर एक दिवस शिल्लक शून्य. नाव ग्राहकाला एकदा दारात आणतं. दुसऱ्यांदा त्याला वस्तूच आणते.

६. त्यांच्या भाषेत नाव द्या

चिनी बाजारात परदेशी नावांनी आणखी एक शहाणपण दाखवलं. तिथली लिपी अक्षरांची नाही, अर्थाच्या चिन्हांची आहे. नाव लिहायचं म्हणजे अर्थ निवडायचाच. बीएमडब्ल्यू तिथे बाओमा झाली, म्हणजे मौल्यवान घोडा. बेन्झ झाली बेन्ची, म्हणजे वेगाने धावणारी. लँड रोव्हर झाली लू-हू, म्हणजे रस्त्यावरचा वाघ. जेट्टाच्या जिएदामध्ये लवकर पोहोचण्याचा अर्थ आहे. फोक्सवॅगन हे नाव जर्मनमध्ये "लोकांची गाडी", चिनीत दाझोंग, म्हणजे सर्वसामान्य जनता. नाव उच्चारायला सोपं आणि अर्थ शुभ. आजीलाही सांगता येईल असं.

धडा: आपल्याकडे गावातल्या बेकरीला तोंडात न बसणारं फ्रेंच नाव देतात आणि गिऱ्हाईक शेवटी "त्या एस्टी स्टँडजवळची बेकरी" असंच म्हणतं. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे, ही नावाची पहिली परीक्षा.

झोपलेलं नाव पुन्हा उठतं

ताजं उदाहरण, तेही आपल्या घरातलं. लँड रोव्हरची फ्रीलँडर आठवते? २०११ मध्ये पुण्यात तिची जोडणी सुरू झाली होती. पुढे हे मॉडेल बंद झालं. जून २०२४ मध्ये टाटांच्या जग्वार लँड रोव्हरने चीनच्या चेरी कंपनीशी करार जाहीर केला. फ्रीलँडर हे नाव चीनमधल्या त्यांच्या संयुक्त कंपनीला परवान्यावर द्यायचं आणि त्या नावाने इलेक्ट्रिक गाड्यांचा ब्रँड उभा करायचा, तंत्र चेरीचं. नाव गोदामात पडून होतं, भाड्याने दिलं!

फोर्डनेही असंच केलं. १९९० च्या दशकात महिंद्राच्या नाशिक कारखान्यात जोडली जाणारी एस्कॉर्ट आठवत असेल. युरोपात ते नाव बंद होऊन दशक उलटल्यावर २०१५ मध्ये फोर्डने ते चीनमधल्या वेगळ्याच गाडीला दिलं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बेसेडर हे नाव २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकलं. गाडी बंद, कारखाना बंद, तरी नुसत्या नावाचे ८० कोटी!

आता तुमचं काम

वाचून छान वाटलं, एवढ्यावर थांबू नका. या आठवड्यात चार गोष्टी करा.

पहिली, तुमचं नाव आधीच कुणी नोंदवलंय का ते ट्रेडमार्क विभागाच्या सरकारी वेबसाइटवर शोधा. शोध मोफत आहे.

दुसरी, मोकळं असेल तर अर्ज करा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. लघुउद्योग म्हणून सवलत हवी तर उद्यम नोंदणी हाताशी ठेवा. वर्ग नीट निवडा: मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या वर्गात, कपडे २५ व्या वर्गात. नोंदणी १० वर्षं चालते, नंतर नूतनीकरण करायचं.

तिसरी, नाव वापरत राहा. नोंदवलेलं नाव सलग पाच वर्षं वापरलंच नाही, तर दुसरा माणूस ते रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो.

चौथी, भागीदारी किंवा घरचा एकत्र धंदा असेल तर एका कागदावर लिहा: वेगळे झालो तर नाव कुणाचं? गोडीगुलाबी आहे तोवरच हे लिहून होतं. भांडण झाल्यावर ते वकील लिहितात.

तुमच्या आईच्या हातच्या गोडा मसाल्याला आज आळीतली वीस घरं नावाने ओळखत असतील. वीस घरं म्हणजे कमी नाही. शांघायची पहिली सान्ताना एकच होती. मसाल्याची चव सांभाळा, तक्रार आली तर त्याच दिवशी फोन उचला, आणि ते नाव तुमच्याच मालकीचं आहे ना, ते एकदा कागदावर बघून घ्या.

भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!